किड्यांचीं सोंगें

गेल्या आश्विनांतील गोष्ट. पहाटेचे सहा वाजले असतील. आम्ही नेहमींप्रमाणें फुलें काढण्यासाठीं परसांत गेलों, तों तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं आमची थोरली नात ओल्या फरशीवर पोट टेकून निश्चल पडलेली दिसली. आमच्या पोटांत धस्स झालें. "अग, पडलीस कीं काय?" म्हणून आम्ही धांवलों, तों तिनें एक हात मागें करून आम्हांस थोपविलें व कुजबुजून म्हटलें, "आबा, हलूं नका. तो जागा होईल." 'तो' म्हणजे तुळशीच्या मंजिरीवर बसलेला एक हिरवा प्रार्थनाकीटक. पुढचे दोन पाय जोडून संध्येस बसल्यासारखा दिसणारा, आणि कित्येक ठिकाणीं खंडोबाचा किडा म्हणून ओळखला जाणारा हा प्राणी वाचकांनीं पाहिला असेलच. नातीच्या हातांत तिच्या काकाचा कॅमेरा होता. आम्ही फुलांची परडी हातांत धरून पाव तास एका पायावर उभे राहिलों. देवपूजेस उशीर झाला तो निराळाच.

चार दिवसांनीं त्या तपश्चर्येचें फळ हातीं आलें. दुपारच्या चहाच्या वेळीं नातीनें संगणकाचा पडदा आमच्याकडे वळविला. ओसरीवरील आमचा झोपाळा, झोपाळ्यावर आमचाच लोड, आणि लोडास टेकून, डोळ्यांवर आमचाच चष्मा, पुढच्या दोन पायांत त्या दिवसाचें वर्तमानपत्र, अशा थाटांत तोच हिरवा गृहस्थ बसलेला! मान किंचित तिरपी करून तो समोर पाहत होता. चुकीचें रूप चालविणाऱ्या विद्यार्थ्याकडे आम्हीं छत्तीस वर्षें ज्या नजरेनें पाहिलें तीच ही नजर, याविषयीं घरांतील लहानथोरांचें तत्काळ एकमत झालें. सर्वांत मोठ्यानें हंसल्या त्या आमच्या वहिनी. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. चित्राखालीं नांव होतें 'आबा'.

त्या नजरेचें रहस्य मात्र नातीनें आम्हांस सांगितलें तें येथें सांगण्याजोगें आहे. प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यांत जो काळा ठिपका दिसतो ती त्याची बाहुली नव्हे. त्याचा प्रत्येक मोठा डोळा हजारों बारीक नेत्रिकांचा बनलेला असतो. त्यांपैकीं ज्या नेत्रिका थेट आपल्या दिशेस रोखलेल्या असतात, त्यांतून प्रकाश परत न येतां आंतच शोषला जातो, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. आपण डावीकडे सरकलों कीं ठिपकाही तिकडे सरकतो. तात्पर्य, तो बिचारा आपल्याकडे पाहत असो वा नसो, तो आपल्याकडेच पाहत आहे असें आपणांस वाटतें. वर्गांत मागच्या बांकावरील मुलांस आमच्याविषयीं हेंच वाटत असावें.

हें सर्व संगणकाचें बटन दाबलें कीं होतें, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली. पहिली अडचण किड्याच्या फोटोचीच. अशा फोटोंत किड्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आंतील प्रकाशग्राही पटलावर निदान किड्याच्या अंगाइतकी मोठी उमटवावी लागते. पुढें ती वाढवून भिंतीएवढी करतां येते. याकरितां खास भिंग मिळतें, परंतु त्याची किंमत ऐकून आम्ही खालीं बसलों. आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं स्वस्तांतला उपाय सांगितला: भिंग साधेंच घ्यावयाचें, पण तें व कॅमेरा यांच्यामध्यें पोकळ नळ्या बसवावयाच्या. भिंग पटलापासून जितकें दूर सरेल तितकी प्रतिमा मोठी होते.

परंतु प्रतिमा वाढली कीं स्पष्टता आटते. डोळे स्वच्छ दिसले तर मिशा धुक्यांत जातात. मिशा दिसल्या तर डोळे जातात. एका फोटोंत स्पष्ट येणारा पापुद्रा पुष्कळदां एका मिलिमीटराहूनही पातळ असतो. म्हणून कॅमेरा केसभर पुढें सरकवून दुसरा फोटो, पुन्हा केसभर सरकवून तिसरा, असे तीस-चाळीस फोटो काढावे लागतात. मग संगणक प्रत्येक फोटोंतील तेवढाच स्पष्ट भाग उचलून सर्वांचा मिळून एक फोटो करितो. एवढा वेळ किड्यानें हलतां कामा नये, म्हणून पहाटेची वेळ. गारव्यानें त्याचें अंग जड झालेलें असतें व ऊन येईपर्यंत तो जागचा हलत नाहीं. कित्येक हौशी लोक या कामाकरितां किड्यास फ्रिजमध्यें ठेवतात. आमच्या घरीं तो प्रश्न उद्भवला नाहीं. "माझ्या दुधाशेजारीं किडा ठेवलास तर तुझी थाळीही परसांतच मांडीन," असा निकाल आमच्या घरच्या मंडळींनीं आधींच देऊन ठेवला होता.

आम्हांस या प्रकरणांत सर्वांत नवल वाटलें तें याचें कीं, ज्यास आपण किड्याचा खरा फोटो म्हणतों, तोच मुळीं चाळीस तुकड्यांची गोधडी असतो. लेव्हॉन बिस नांवाच्या ब्रिटिश छायाचित्रकारानें ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयांतील किड्यांचे असे फोटो काढून २०१६ सालीं तेथेंच त्यांचें प्रदर्शन मांडलें. एकेका किड्याच्या चित्रासाठीं त्यानें आठ हजारांच्या घरांत फोटो काढले होते. आणि कॅमेऱ्याचा जन्मही झाला नव्हता त्या काळीं, १६६५ सालीं, रॉबर्ट हूक यानें 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथांत सूक्ष्मदर्शकाखालच्या पिसवेचें तें प्रसिद्ध भलेंमोठें चित्र छापलें, तेंही एका दृष्टिक्षेपाचें फळ नव्हतें. निरनिराळ्या उजेडांत, निरनिराळ्या बाजूंनीं पुन्हा पुन्हा पाहून, जें जें पटलें तें एकत्र करून तो चित्र काढीत असे. मुंगी कांहीं केल्या स्थिर राहीना, तेव्हां त्यानें तिला ब्रँडींत बुडवून झिंगविलें. ती तासाभरानें शुद्धीवर येऊन एकाएकीं पळून गेली, हेंही त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें आहे. फ्रिजपेक्षां हें बरें कीं वाईट, याचा निर्णय आम्ही मुंगीवर सोपवितों.

किड्याचा फोटो सिद्ध झाल्यावर सोंगाचें काम सुरू होतें. त्यास लागणारी 'फोटोशॉप' नांवाची आज्ञावली १९९० सालीं बाजारांत आली. 'गिम्प' नांवाची तशीच दुसरी फुकट मिळते, आमच्या घरीं तीच आहे. तिची रीत सोवळ्याच्या स्वयंपाकासारखी आहे. एकाचा दुसऱ्यास स्पर्श नाहीं. झोपाळा एका थरावर, किडा दुसऱ्या, चष्मा तिसऱ्या. किडा त्याच्या मूळच्या पानावरून वेगळा काढावयाचा तर कात्री चालवीत नाहींत. त्या थरावर एक अदृश्य पडदा घालतात. पडद्यावर काळें फांसलें तेथलें चित्र लपतें, पांढरें केलें तेथलें पुन्हा प्रकट होतें. म्हणजे चूक झाली तरी मूळ चित्र जसेंच्या तसें राहतें. मिशांची कडा अशी केसाकेसानें रंगविण्यांत नातीचे दोन दिवस गेले. मग सांवली. ओसरीवर ऊन डावीकडून येतें, तर किड्यावर तें उजवीकडून आलेलें. म्हणून किडा आरशांतल्यासारखा उलटा करावा लागला. लोडावर त्याचे पाय टेकतात तेथें एक अगदीं बारीक गडद रेघ द्यावी लागते. ती नसेल तर किडा हवेंत तरंगतो.

आणि एक मर्म असें कीं, आपला डोळा वस्तूचा आकार पुष्कळसा धूसरपणावरून ठरवितो. पुढचेंमागचें सर्व अंधुक व मधलें तेवढें स्पष्ट असें चित्र दिसलें, कीं वस्तु इवलीशी आहे असें आपण समजतों. उलट नखशिखांत स्पष्ट आणि खालून वर पाहिल्यासारखें चित्र असेल तर वस्तु प्रचंड वाटते. चाळीस फोटोंची गोधडी नखशिखांत स्पष्ट असते; म्हणूनच तिच्यांतला किडा झोपाळ्यावर शोभतो. साध्या एका फोटोंतला किडा तेथें बसविला असता तर तो चिकटविलेल्या तिकिटासारखा दिसला असता.

आपल्या दादासाहेब फाळक्यांना हा खेळ पाहून आनंद वाटला असता असें आम्हांस वाटतें. 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, १९१२ सालीं, त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून रोज थोडें थोडें चित्रण केलें व रोपाची महिनाभराची वाढ क्षणांत दाखविणारा लघुपट केला. पुढें १९१५ सालीं नुसत्या आगकाड्या नाचविल्या. एकेक चित्र सुटें घेऊन जोडावयाचें, ही विद्या आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे.

तरीही प्रथमदर्शनीं आमचें मन या खेळास अनुकूल नव्हतें. मुक्या जीवास चष्मा घालून हंसणें हें आम्हांस रुचेना. आणि त्याचें कारण आमच्याच लहानपणांत होतें. आमच्या गांवीं भाद्रपदांत परसांत चतुरांचे थवे येत. चतुराच्या शेपटीस दोरा बांधून तो उडवावयाचा, हा आम्हां मुलांचा लाडका खेळ. सोनकिडे आगपेटींत कोंडून शाळेंत न्यावयाचे, हा दुसरा. त्यांतला एकही चतुर संध्याकाळपर्यंत वांचला असेल असें वाटत नाहीं. पुढें संस्कृत शिकतांना महाभारताच्या आदिपर्वांत मांडव्य ऋषींची कथा वाचली आणि पुस्तक मिटून ठेवावें लागलें. मांडव्यांस चोर समजून राजानें सुळावर दिलें. पुढें त्यांनीं धर्मराजास विचारलें कीं, कोणत्या पापाचें हें फळ? धर्म म्हणाला, लहानपणीं तुम्ही पाखरांच्या शेपटींत गवताची काडी खुपशीत होतां, त्याचें. 'एवढ्याशा अपराधास एवढी शिक्षा?' म्हणून ऋषि संतापले; त्यांनीं धर्मास शाप दिला, तोच विदुर झाला; आणि चौदाव्या वर्षापर्यंतच्या कृत्याचें पाप लागणार नाहीं असा नवा नियमही ऋषींनीं घालून दिला. आम्ही चतुरास दोरा बांधीत होतों तेव्हां दहा वर्षांचे होतों. म्हणजे नियमानें सुटलों. तरी काडी ती काडीच.

किड्यांकडून सोंगें करवून घेण्याचा पूर्वीचा इतिहास पाहिला तर तोही बहुतेक दोऱ्याचा व तारेचाच आहे. युरोपांत एकोणिसाव्या शतकांत पिसवांच्या सर्कशी होत. बारीक तारेंत जखडलेल्या पिसवा गाडी ओढीत. १९१० च्या सुमारास इंग्लंडांत पर्सी स्मिथ यानें माशीचा चित्रपट काढला. माशी उताणी जखडलेली आणि ती पायांवर आगकाडी व चेंडू फिरवीत आहे. लोक थक्क झाले. आपण माशीस इजा केली नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. माशीचें म्हणणें नोंदलेलें नाहीं. त्याच सुमारास लिथुएनियांत लाडिस्लास स्टारेविच नांवाच्या कीटकप्रेमी गृहस्थास नर-भुंग्यांच्या झुंजीचा चित्रपट काढावयाचा होता. परंतु ते निशाचर किडे; दिव्यांच्या झोतांत निपचित पडत. शेवटीं त्यानें मेलेल्या भुंग्यांस तारेचे पाय मेणानें जोडले आणि एकेक चित्र घेत त्यांस हालविलें. १९१२ सालच्या त्याच्या एका चित्रपटांत तर भुंगा नवरा, भुंगी बायको, आणि त्यांचें गुपित टिपणारा नाकतोडा कॅमेरावाला, असा संसारच आहे. हे जिवंत किडे शिकवून तयार केले आहेत असें कित्येकांस खरोखरच वाटलें, असें सांगतात.

ही सर्व हकीकत नातीस सांगितली तेव्हां ती म्हणाली, "आबा, माझ्या किड्याला चष्मा घातला आहे हें त्याच्या गांवींही नाहीं. ऊन आल्यावर तो उडून गेला." आमचा आक्षेप तेथेंच गळाला. दोरा बांधलेला नाहीं, तार टोंचलेली नाहीं, माशी जखडलेली नाहीं. सोंग चढलें तें केवळ प्रतिमेवर. आजही कित्येक लोक बेडूक-किड्यांस दोऱ्यानें वा डिंकानें जखडून, हातीं पानाची छत्री देऊन फोटो काढतात व तो निसर्गाचा चमत्कार म्हणून खपवितात. त्यापेक्षां संगणकांतली छत्री शतपटीनें बरी.

येथपर्यंत सर्व गोड झालें. परंतु कौशल्याबरोबर एक निराळीच हांव वाढते. झुरळाची वरात झाली, मुंगळ्यांची पंगत झाली (वाढपी गांधीलमाशी होती), आणि मग नातीस 'कोणास ओळखूं येऊं नये' असें चित्र हवें झालें. दसऱ्याच्या सुटींत खपून तिनें तें केलें. त्यांत चष्मा नव्हता, वर्तमानपत्र नव्हतें. आमचें तुळशीवृंदावन, तिन्हीसांजेची वेळ, आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर मांजराएवढा प्रार्थनाकीटक. सांवली अचूक, कट्ट्यावरच्या ओलाव्यांत त्याचें पुसट प्रतिबिंबही. पाहून हंसूं आलें नाहीं. अंगावर कांटा आला.

आणि आतां आमचा अपराध सांगून टाकतों. अभिमानाच्या भरांत तें चित्र आम्हींच आमच्या मोबाईलवरून जुन्या विद्यार्थ्यांस व सोयऱ्यांस पाठविलें. वर एकच ओळ लिहिली: 'आमच्या परसांतील पाहुणा.' चित्र कोणीं केलें, कसें केलें, याविषयीं एक अक्षर नाहीं. ओळखणारे ओळखतील, ही मास्तरकीची घमेंड.

नवव्या दिवशीं चित्र आमच्याकडे परत आलें. सासुरवाडीच्या एका दूरच्या नात्यांतील गृहस्थांनीं केवळ काळजीपोटीं पाठविलें होतें. आमची ओळ गळून तिच्या जागीं दुसराच मजकूर आला होता: हा नवा विषारी किडा तुळशीवर आढळतो, याच्या दंशानें माणूस दगावतो, दिसतांच ठेंचा, आणि हा निरोप दहा जणांस कळवा. चित्रांत आमच्या कट्ट्याची, आमच्या मातोश्रींच्या वेळेपासूनची, कोपरा उडालेली फरशी स्पष्ट दिसत होती. वस्तुतः या किड्यास विष नाहीं, नांगी नाहीं. बागेंतल्या कितीतरी किडींचा तो काळ आहे. आम्हीं लागलाच सर्वांस खुलासा पाठविला. तो कोणीं दहा जणांस कळविल्याचें अद्याप ऐकिवांत नाहीं.

वहिनींस त्यांच्या भजनी मंडळांत तोच निरोप मिळाला. हें दुसरें चित्र त्यांना आम्हीं दाखविलें नव्हतें. चाळीस-पन्नास वर्षें ज्या तुळशीस त्यांनीं पाणी चुकविलें नाहीं, तिच्याकडे त्या पांच दिवस गेल्या नाहींत. 'गुडघे दुखतात' म्हणाल्या. तुळशीच्या लग्नासाठीं वृंदावन रंगवावयाचें होतें. बागकामास येणाऱ्या मुलाच्या मोबाईलवरही तो निरोप होता. त्यानें आम्हांवर उपकार म्हणून खराट्यानें तो हिरवा जीव ठेंचला आणि काठीनें तुळशीच्या फांदीवरची फेंसाळ, तपकिरी रंगाची एक गांठ खरवडून टाकली. ती गांठ म्हणजे त्याच मादीचें अंड्यांचें घर. वाळलेल्या फेंसाच्या त्या कवचांत अंड्यांच्या ओळी जपून ठेवलेल्या असतात. मादीनें तें कवच रात्रीं बांधलें तेव्हां नात विजेरी घेऊन जवळ बसली होती, आणि पिलें केव्हां निघतात याचीं टिपणें ठेवण्याकरितां तिनें वही घातली होती. वहीचें पहिलें पान तेवढें लिहिलेलें आहे. महिनाभर तिनें कॅमेऱ्यास हात लावला नाहीं. आम्हांस ती एक शब्दही बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें. मांडव्यांची चौदा वर्षांची सवलत आमच्या वयास लागू नाहीं.

पहिलें चित्र आणि दुसरें, यांत फरक काय, याचा विचार करतां आम्हांस गांवचा बहुरूपी आठवला. तो पोलिसाच्या वेषांत दारांत येई, अटकेचा हुकूम वाची, मुलें कोठींत दडत. आणि मग मिशींत हंसून तोच सुपाचे दाणे मागण्यासाठीं झोळी पुढें करी. झोळी पुढें आली कीं सोंग फिटलें. पानिपतानंतर भाऊसाहेबांचें नांव सांगत आलेल्या तोतयानें झोळी पुढें केली नाहीं. त्याच्या पायीं किती घरांत फूट पडली, आणि शेवटीं १७७६ सालीं त्यास देहांत शासन झालें. सोंग दोघांचेंही; कदाचित् तोतयाचेंच अधिक हुबेहूब. 'आबा' या चित्रांत चष्मा ही झोळी होती. दुसऱ्या चित्रांत ती नव्हती, आणि आम्हीं एक ओळ लिहून ती पुरवावयाची तीही पुरविली नाहीं.

इंग्लंडांतील कॉटिंग्ले या गांवच्या दोन मुलींची गोष्ट याच जातीची आहे. १९१७ सालीं एल्सी राइट व फ्रान्सिस ग्रिफिथ्स या सोळा व नऊ वर्षांच्या मावस बहिणींनीं ओढ्याकांठीं पऱ्यांबरोबर आपले फोटो काढले. पऱ्या म्हणजे फुलपाखरासारखे पंख लावलेल्या बायकांचीं कागदी चित्रें, टोपीच्या टांचण्यांनीं गवतांत उभीं केलेलीं. हेतु घरच्यांची गंमत करण्याचा. परंतु फोटो थोरांच्या हातीं पडले, आणि शेरलॉक होम्सचा जनक सर आर्थर कॉनन डॉयल यानें १९२० च्या डिसेंबरांत 'स्ट्रँड' मासिकांत ते खरे म्हणून प्रसिद्ध केले. एवढा मोठा मनुष्य फसला म्हटल्यावर मुलींस खरें सांगण्याची लाज वाटूं लागली. त्यांनीं तें कबूल केलें १९८३ सालीं, म्हाताऱ्या झाल्यावर. ज्या पुस्तकांतून पऱ्या उतरविल्या होत्या त्यांत डॉयलची स्वतःचीच एक गोष्ट छापलेली होती, हें आणखी एक. आमच्या मतें या प्रकरणांत मुलींपेक्षां थोरांचा दोष अधिक; आणि हें आम्ही अनुभवानें म्हणतों.

आपल्याकडील कीटभ्रमरन्याय तरी काय आहे? कुंभारीण माशी मातीच्या घरांत अळी कोंडते, आणि कांहीं दिवसांनीं त्यांतून माशीच बाहेर पडते. म्हणून अळी माशीच्या ध्यासानें माशी झाली, असें जुन्यांनीं मानलें. दोन्ही दृश्यें खरीं होतीं. अळी आंत गेली हें खरें, माशी बाहेर आली हेंही खरें. परंतु अळी ही माशीच्या पिलाची शिदोरी होती. जोडणी तेवढी चुकली. वेदान्तास दृष्टान्त म्हणून तो न्याय सुंदर आहे व आम्ही तो यापुढेंही वापरूं. पण मुलांस सांगतांना शिदोरीचीही गोष्ट सांगूं.

वहिनींची समजूत घालण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं पाटीपेन्सिलच काढली. जे. बी. एस. हाल्डेन हे थोर शास्त्रज्ञ १९५७ सालीं भारतांत आले व येथलेच नागरिक झाले. त्यांनीं १९२६ सालीं प्राण्यांच्या आकारावर एक निबंध लिहिला आहे, त्यांतलें हें गणित. सात सेंटिमीटरांचा किडा बेचाळीस सेंटिमीटरांचा केला, म्हणजे सहापट वाढविला, तर त्याचें वजन सहाचा घन, म्हणजे २१६ पट होतें. पण पायाची जाडी, कापून पाहिली तर, सहाचा वर्ग, म्हणजे ३६ पटच वाढते. प्रत्येक पायावर सहापट ताण. शिवाय किड्यास फुप्फुसें नसतात. अंगावरील भोकांतून बारीक नळ्यांनीं हवा आंत जाते, आणि अंग मोठें झालें कीं ती आंतवर पुरेशी पोंचत नाहीं. "म्हणून मांजराएवढा किडा होणें नाहीं," असें आम्हीं ठांसून सांगितलें. तोंच धाकटा नातू म्हणाला, "पण आबा, तीस कोटी वर्षांपूर्वीं दीड हात पंखांचे चतुर होते कीं!" होते खरे, त्या काळीं हवेंत प्राणवायु अधिक होता, असें शास्त्रज्ञ त्याचें कारण देतात. वहिनींनीं मात्र तेवढेंच ऐकलें आणि गणित सोडून दिलें.

शेवटीं काम झालें तें निराळ्याच रीतीनें. यंदाच्या पावसाळ्यांत तगरीवर एक इवलासा प्रार्थनाकीटक आला. तो कोठून आला कोण जाणे. नातीनें वहिनींस हात धरून परसांत नेलें व पोथी वाचण्याचें त्यांचें भिंग त्यांच्या हातीं दिलें. वहिनी बराच वेळ वांकून पाहत राहिल्या. किड्यानें मान वळवून त्यांच्याकडे पाहिलें, निदान त्यांस तसें वाटलें. "एवढाच होय ग?" त्या म्हणाल्या. "माझ्या करंगळीएवढाही नाहीं." दुसऱ्या दिवसापासून गुडघे बरे झाले.

नातीनें कॅमेरा पुन्हा हातीं घेतला आहे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यांत आतां ती 'सोंग' असा एक शब्द लिहिते आणि मूळ फोटोही शेजारीं ठेवते. आमच्या मोबाईलवरून कांहीं जावयाचें असेल तर तें आधीं तिला दाखवावें लागतें. परवां वहिनींनीं तिला एका चित्राची फर्माईश केली: आपण ओटीवर मटार सोलीत बसलों आहों आणि शेजारीं तो हिरवा प्राणी मदतीस बसला आहे. "आणि त्याला नऊवारी नेसव," त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणी ठेंचायला धांवणार नाहीं." सध्यां नात त्या लुगड्याच्या निऱ्यांवर खपत आहे. सहा पायांस नऊ वार पुरत नाहींत, अशी तिची तक्रार आहे.